तेलातला गेरू

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. दूधवाल्याचं बोट मापात बुडालं की बोटाएवढं दूध कमी आलं, असं मला आजही वाटतं. छप्पन साली दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगात मी स्टोअरकीपर म्हणून लागलो तो याच गुणावर. शेटजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मले इथं कोनावर भरोसा न ठेवनारा मानूस पायजे." तसा माणूस त्यांना मिळाला. पट्टे, बेअरिंगा, रॉकेल, ग्रीस, ऑईल सगळं माझ्या कुलपात, आणि किल्ल्या माझ्या कमरेला.

जिनिंगाची एक जीप होती. लढाईत वापरलेली, लिलावात घेतलेली. हंगामात शेटजी खेड्यापाड्यांत कापूस पाहायला जायचे. काळ्या मातीत दुसऱ्या गाड्या रुतून बसत, ही चारही चाकांनी ओढून बाहेर निघे. तिचा ड्रायव्हर जवळच्या एका बंजारा तांड्यावरचा होता. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायचे. हा जीप चालवायचा. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता, म्हणून मी त्याला भाऊ म्हणत असे आणि तो मला बाबूजी.

त्याची गाडीची सेवा बघण्यासारखी होती. सकाळी इंजिन चालू केलं की बिडी ओढून होईपर्यंत तो गाडी हलवत नसे. हवेची जाळी रोज रॉकेलमध्ये धुवायचा, कारण जिनिंगातला कापसाचा धुरळा आणि रस्त्यावरची माती दोन्ही तिच्यात जाऊन बसत. गावातल्या दुसऱ्या दोन जीपांची इंजिनं तीन-चार वर्षांत उघडावी लागली होती. आमची सहा वर्षं झाली तरी मिस्त्रीचा पाना तिला लागला नव्हता. शेटजी चारचौघांत मिशीवर हात फिरवून ते सांगत. मी एकदा विचारलं, "भाऊ, अजून किती वर्षं चालेल?" तो म्हणाला, "जोवर तेल टायमावर बदलून राह्यलो, तोवर चालते बाबूजी."

हे तेल बदलणंच माझ्या डोळ्यांत खुपायचं. हजार मैल झाले की हा रिकामा डबा घेऊन माझ्या दारात उभा. मी राळेगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. आमच्याकडे बैलगाडीच्या आखाला ओंगण, म्हणजे वंगण, देतात. कमी झालं की वरून आणखी घालतात. आतलं ओंगण काढून फेकून दिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेल काय शिळ्या भाकरीसारखं नासतं? आणि काढलेलं तेल जातं कुठे, असं विचारलं तर हा सरळ सांगायचा, "तांड्यावर नेतो. गाड्याईच्या आखाले कामी पडते."

म्हणजे गाडीच्या आखाला चालतं आणि जीपला चालत नाही! मला वाटलं, पाणी इथेच मुरतंय. हा नवं तेल तांड्यावर नेतो आणि जुनंच इंजिनात राहू देतो. तो तेल काढत असताना एकदा जाऊन गाडीखाली वाकून पाहिलं असतं तर काम झालं असतं. पण चोर पकडायचा तर त्याच्या नकळत, अशी माझी अक्कल.

घरी ओसरीसाठी आणलेला गेरू होता. तो बारीक कुटून दोन मुठी मी नव्या डब्यात टाकला, काडीनं ढवळला आणि झाकण पूर्वीसारखं दाबून बसवलं. तांड्यावरच्या आखांना तांबडं तेल दिसलं की चोर सापडला. गेरू म्हणजे शेवटी माती. लोखंडाला माती काय करणार, असा माझा हिशोब.

त्या डब्यातलं तेल त्याला दिलं आणि आठव्या दिवशी तो पुन्हा हजर झाला.

"भाऊ, आठ दिवसांत?" मी म्हणालो.

"इंजनात काही कचरा गेल्यावानी वाटून राह्यला, बाबूजी. सारं काढून धुतलं. आता दुसऱ्या डब्यातलं द्या."

चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हणालो, आणि दुसऱ्या डब्यातलं तेल हसत दिलं. गेरूच्या तेलाचा उरलेला डबा फळीवर मागे सारला.

पुढच्या रविवारी सायकल काढली आणि तुरीच्या शेंगा घेण्याच्या निमित्तानं तांड्यावर गेलो. चार-पाच बैलगाड्या जू जमिनीला टेकून उभ्या होत्या. इकडेतिकडे पाहून एका आखाला बोट लावलं. बोट काळं झालं, आणि त्या काळ्यात तांबडं दिसलं. हातच्या काकणाला आरसा कशाला! नवं तेल काळं नसतं, मग काळं तिथे कसं आलं, हा प्रश्न मला पडलाच नाही. मला तांबडंच पाहायचं होतं. परत येताना मी इतका खूश होतो की चढावरसुद्धा सायकलवरून उतरलो नाही. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

शेटजींना मी एकट्यात सांगितलं आणि माझं नाव निघू नये असंही सांगितलं. गेरूचं काही बोललो नाही. फक्त म्हणालो, तांड्यावरच्या आखांना आपलं तेल आहे, मी डोळ्यांनी पाहून आलो. शेटजींनी त्याला अंगणात बोलावून उद्यापासून येऊ नको म्हटलं. तो म्हणाला, "शेटजी, ते जुनं तेल व्हय." ते कोणी ऐकून घेतलं नाही. मी आत पट्ट्यांवरची धूळ झटकत उभा होतो. जाताना तो स्टोअरच्या दारात आला. वाटलं, आता हा भांडणार. तो म्हणाला, "नव्या ड्रायव्हरले सांगजा बाबूजी, चालू केल्याबरोबर रेस नोको देऊ मना."

नवा ड्रायव्हर मला फार आवडला, कारण तो तेल बदलत नसे. कमी झालं की वरून घालायचा. फळीवर मागे राहिलेला गेरूचा डबा मीच त्याला काढून दिला. तेल वाया कशाला घालवायचं?

चार महिन्यांत इंजिन खडखडायला लागलं आणि एका सकाळी दारव्ह्याच्या रस्त्यावर बंदच पडलं. बैल जुंपून जीप ओढत आणली. यवतमाळहून मिस्त्री आला. त्यानं खालचं तेलाचं भांडं सोडवलं. तळाला तांबडा गाळ बसला होता. मिस्त्रीनं तो चिमटीत घेऊन चोळला आणि बेअरिंगा दाखवल्या. पार खरवडून गेल्या होत्या. तो म्हणाला, "हे आपोआप नाही झालं. कोनं तरी जानूनबुजून टाकलं."

"त्यानंच!" शेटजी ओरडले. "जाता जाता दावा साधला हरामखोरानं." मग माझ्याकडे वळले. "काय बाबूजी?"

मी म्हणालो, "असेल."

इतकंच बोललो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की काढून टाकलेल्या ड्रायव्हरनं मालकाचं इंजिन मारलं. दिग्रसात, पुसदात त्याला कोणी गाडीला हात लावू देईना.

महिन्याभरानं मी तांड्यावर गेलो. पश्चात्ताप होता, नाही असं नाही. पण खरं कारण वेगळं होतं. त्याला काय काय कळलंय, हे मला काढून घ्यायचं होतं. तो बांधावर गवत कापत होता. मला पाहून त्यानं विळा टाकला, खाट आणली, बायकोला गोरबोलीत चहाचं सांगितलं. एवढी खातिरदारी पाहून मला वाटलं, याच्या पोटात काहीतरी आहे.

मीच विचारलं, "भाऊ, तेव्हा कचरा गेला म्हणाला होतात, तो कुठला?"

"डब्यातच होता बाबूजी. लाल. बोटावर घेतला तं रवाळ लागला."

"मग शेटजींना सांगितलं का नाही?"

"डबे तुमच्या कुलपातले," तो म्हणाला. "मनलं, चुकून काही पडलं असन. शेटजीले सांगतलं असतं तं तुमची नोकरी गेली असती. तुमची लेकरं लहान."

मी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. डाव शोधला. कुठे सापडेना. मग माझ्यानं राहवलं नाही. म्हणालो, "पडला नव्हता. मी टाकला होता."

"काहून?"

"तुम्ही तेल चोरता का, ते पाहायला."

चहा आला, तो त्यानं स्वतः माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "मले नोकरी नोको बाबूजी. पन सहा वर्षं जे इंजन सांभाळलं, ते मीच मारलं असं लोक मनते. तेवढं खरं नाही मनून शेटजीले सांगजा."

"उद्याच सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शेटजींच्या बैठकीच्या दारापर्यंत गेलो. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय काम हाय?" मी म्हणालो, "काही नाही, ग्रीस संपत आलंय."

त्या जिनिंगात मी पुढेही बरीच वर्षं होतो. शेटजींचा माझ्यावर शेवटपर्यंत भरोसा होता.