सकाळ-संध्याकाळ दोन पफ, आणि अंडं

हे गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून मी दुसऱ्यांचं बोलणं बोलायचं काम घेतलं. लग्नाआधी पुण्यात मी स्पॅनिश शिकवत असे. पुढे यांच्या ब्रॅकनेलच्या नोकरीमुळे इकडे इंग्लंडला आले, स्लाऊला घर झालं, आणि ती भाषा पुस्तकांच्या कपाटात पडून राहिली. आता आठवड्यातून दोन दिवस मी हॉस्पिटलच्या मुलांच्या क्लिनिकमध्ये दुभाषी म्हणून बसते.

या कामाचा एक नियम आहे. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगायचं, की या खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी सांगेन. काही गाळणार नाही, पदरचं काही घालणार नाही. आणि सांगायचं तेही त्याच माणसाच्या तोंडून आल्यासारखं. आई म्हणाली, मला भीती वाटते, तर मीही म्हणायचं, मला भीती वाटते. मला ते सोयीचं होतं. दिवसभर 'मी, मी' करायचं आणि त्यात आपण कुठेच नसायचं.

इक्वेडोरच्या एका आजींनी या नियमातली गंमत पहिल्याच भेटीत ओळखली. त्यांची नात चार वर्षांची, दम्याची. मुलीची आई ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, वेअरहाऊसमध्ये शिफ्टला जायची, म्हणून नातीला आजीच आणत. डॉक्टर आपल्याकडची, नागपूरची, तिशीतली मुलगी. आजींनी तिला नीट न्याहाळलं आणि शांतपणे काहीतरी म्हटलं. मला ते इंग्रजीत सांगावं लागलं: डॉक्टर, तुम्ही जेवता की नाही, या मनगटांवर भरवसा कसा ठेवायचा? डॉक्टरनं स्वतःच्या मनगटांकडे पाहिलं. आजी माझ्याकडे पाहत होत्या, निरोप पोचला का ते बघायला. त्यानंतर दर भेटीत त्या माझ्या तोंडून एक तरी आगाऊ वाक्य वदवून घेत. आयुष्यभर हळू आवाजात बोललेली बाई मी. पण मला मजा येऊ लागली होती.

पाचव्या भेटीला मात्र डॉक्टर गंभीर होती. त्या हिवाळ्यात मुलीला श्वास लागून दोनदा ॲडमिट करावं लागलं होतं. तपकिरी इनहेलर रोज सकाळ-संध्याकाळ दोन पफ, खोकला असो वा नसो, असं ठरलेलं. इनहेलरच्या मागे किती पफ उरले ते दाखवणारा आकडा असतो. तो आकडा अगदी बरोबर होता, एकाही पफची चूक नाही. तरीही छाती वाजत होती. म्हणजे औषध पुरत नाही, आता जास्त जोराचं सुरू करावं लागेल. चार वर्षांच्या मुलीला ते द्यायचं डॉक्टरच्या जिवावर आलं होतं. ती कॉम्प्युटरकडे बघत मला मराठीत पुटपुटली, "काकू, काहीतरी गडबड आहे. आजी काहीतरी लपवताहेत असं वाटतंय."

मीही नियम विसरून म्हणाले, "मलाही तसंच वाटतंय."

आजींनी पर्स मांडीवरून खाली ठेवली. "सेन्योरा," त्या म्हणाल्या, "या खोलीतलं सगळं सांगेन म्हणाला होतात. ही तिसरी भाषा कुठली, आणि तीत काय म्हणालात?"

आता काय करणार? डॉक्टरला विचारलं; तिनं मानेनंच हो म्हटलं. मग मी आधी डॉक्टरचं वाक्य सांगितलं, मग माझंही, काहीही न गाळता. आजी चिडल्या नाहीत. उलट हनुवटी वर करून म्हणाल्या, मला काय विचारता, यंत्राला विचारा, आकडा बरोबर आहे ना?

डॉक्टरनं यंत्राला न विचारता नातीला विचारलं, घरी कसं घेतेस ते दाखव बघू. मी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. मुलगी लगेच उठली. मास्क लावलेली प्लास्टिकची नळी, जिच्यातून औषध ओढायचं असतं, ती तिनं बाजूला ठेवली. इनहेलर चांगला हलवला, खिडकीपाशी गेली, काचेवर दोनदा फुसफुसवला आणि शहाण्या मुलीसारखा परत आणून दिला. काचेवर दोन धुरकट ठिपके उमटले.

मला हसू आवरत नव्हतं. यांच्या शेवटच्या आजारात नर्सनं दिलेलं ताकदीचं पेय हे रोज मनीप्लांटच्या कुंडीत ओतत. सगळं घेतलं का, असं नर्सनं विचारलं की मी मान खाली घालून हो म्हणे. तेव्हा त्या पेयानं काही फरक पडणार नव्हता. इथे पडणार होता.

मग आजींनी सगळं सांगितलं. त्यांची मुलगी कामावरून आली की आधी आकडा बघते, म्हणून आकडा सांभाळावा लागतो. पण खोकला नसताना पोरीला औषध का द्यायचं? रडत नसलेल्या माणसाचे डोळे कोणी पुसतं का? आणि त्या स्वतः नातीची काळजी घेत नाहीत असं थोडंच होतं. रोज संध्याकाळी तिच्या अंगावरून अंडं फिरवत, ते पाण्यात फोडून बघत. ते त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं.

मी ते इंग्रजीत सांगितल्यावर डॉक्टर माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "म्हणजे दृष्टच की."

आजींची नजर पुन्हा माझ्यावर. मी सांगितलं, की आमच्याकडे मीठ-मोहऱ्या घेऊन असंच करतात. आजी खुर्चीत पुढे सरकल्या. तुमच्याकडे त्याच्याबरोबर औषध देतात का, असं त्यांनी डॉक्टरला नाही, मला विचारलं. दुभाष्यानं अशा वेळी प्रश्न डॉक्टरकडे द्यायचा असतो. मी दिला. डॉक्टर म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा."

म्हणून मी सांगितलं, की माझ्या सासूबाई आधी औषध पाजायच्या, पोटात गेलंय याची खात्री करायच्या आणि मगच दृष्ट काढायच्या. कारण मूल बरं झालं की शेवटी केलेल्या गोष्टीला श्रेय मिळतं.

सासूबाई असं काही कधीच म्हणाल्या नव्हत्या. त्यांचा दृष्टीवर विश्वासच नव्हता.

आजींना ते पटलं: आधी पफ, मग अंडं. सकाळचं काय, डॉक्टरनं विचारलं, कारण पफ दोन वेळचे. सकाळी फिरवलेलं अंडं संध्याकाळी पुन्हा फिरवून फोडता येईल, असा निर्णय आजींनी दिला. मग डॉक्टरनं तिथेच त्यांच्याकडून नातीला दोन पफ देववले, नळी आणि मास्क लावून. जोराच्या औषधाचं सहा आठवड्यांनी बघू, असं ठरलं.

सहा आठवड्यांनी डॉक्टर बराच वेळ स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिली. छाती स्वच्छ होती. जोराचं औषध लागणार नव्हतं. आजी म्हणाल्या, आणि मला चेहरा सरळ ठेवून सांगावं लागलं, की डॉक्टर, मी अंड्यानं तिला बरं केलं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

डॉक्टर म्हणाली, लावून घेत नाही, पण दोन्ही चालू ठेवा.

मग ते लिहून द्या, आजींनी मागणी केली, म्हणजे माझी मुलगी अंड्यांवरून भांडणार नाही. डॉक्टरनं खरंच पत्रात लिहिलं. ते वाचून दाखवणं माझं काम: दोन पफ सकाळी, दोन पफ संध्याकाळी, नळीतून, त्यानंतर अंडं. आजींनी पत्र घडी घालून पर्समध्ये ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं आणि शेवटची ओळ परत वाचायला सांगितली. मी वाचली, जरा मोठ्यानं.