वहिनींचा निंबोळी अर्क

आमची वांगी जळाली ती माझ्यामुळे, वहिनींच्या निंबोळी अर्कामुळे नाही. परवा शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बेसिनवर ग्रीस काढायच्या साबणाचा उग्र वास आला आणि ते सगळं पुन्हा आठवलं. काही वर्षांपूर्वी चाकणजवळ दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये आमचा जमिनीचा एक तुकडा उरला होता, तिथं वहिनींनी वांगी लावली होती. पानांखाली लाल कोळी ही कीड पडली, बारीक जाळी दिसू लागली. वहिनींनी निंबोळ्या कुटून भिजत घातल्या, फडक्यातून गाळल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, पानाला चिकटाया हवं म्हणून थोडा अंगाचा साबण घाला, अन् ऊन उतरल्यावर मारा." मी ओव्हरटाइम करून आलो होतो, अंग मोडून आलं होतं. घरात साबण शोधायचाही कंटाळा आला. डब्याच्या पिशवीत कंपनीचा ग्रीस काढायचा साबण होता, तोच पंपातल्या अर्कात ओतला आणि फवारणी केली. दोन दिवसांत सगळी पानं करपली. दादा वहिनींकडे बघून हसला, "कोळी हाय तिथंच हाय, वांगीच गेली की! बास कर आता तुझं औषध." वहिनी हळूच म्हणाल्या, "माझंच परमाण चुकलं असंल." मी शेजारीच उभा होतो, पण तोंड उघडलं नाही. त्यानंतर त्यांनी अर्क करणं सोडलं. शेजारच्या बाया विचारायला आल्या, तरी "मला न्हाई जमत" म्हणून त्यांना परत पाठवू लागल्या. इतकी वर्षं मी ते ऐकत राहिलो. काल मात्र दादासमोरच त्यांना म्हणालो, "वहिनी, तुमचा अर्क चांगला होता. त्यात कंपनीचा साबण मी घातला होता. मला माफ करा."