आप्पांच्या पलंगाला किती वीज लागते

आमच्या वडिलांचं, आप्पांचं, हृदय थकलं होतं. सपाट झोपवलं की त्यांचा श्वास अडकायचा. म्हणून निपाणीत फॅब्रिकेशनचं दुकान चालवणाऱ्या माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, त्यांच्यासाठी पलंग बनवला. बटण दाबलं की मोटर दांडा पुढं ढकलायची आणि पाठीकडचा भाग वर यायचा. काम देखणं होतं, पण मोटरला वीज देणारा सप्लाय त्यानं दुकानात पडलेलाच उचलून जोडला. मोटरवर लिहिलेला करंट त्यात बसतोय म्हणे.

मी बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या कंट्रोल पॅनेलची कामं करते. फोनवर विचारलं, "भार टाकून बघितलास काय?"

"आई कुणाला त्यावर पडू देत न्हाय गं. आजाऱ्याच्या अंथरुणावर धडधाकट माणसानं पडायचं न्हाय म्हणत्या. पण रिकामा झकास वर जातोय की."

रिकामा! माझं डोकंच फिरलं. "मग पोती टाक वर," असं मी ओरडले, तोवर यानं आप्पांना आडवं केलंही होतं. फोन चालूच होता. मोटर कण्हली आणि टक्कन बंद पडली. परत कण्हली, परत टक्. मधूनच आप्पांची घरघर ऐकू आली, मग आईची किंकाळी.

"बटण सोड! हातानं उचल त्यांना!"

उचललं त्यानं. श्वास परत लागल्याचं त्यानं सांगितलं, तेव्हाच मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी निपाणीला गेले तर आप्पा परत खुर्चीतच बसलेले, पलंगाआधी कित्येक दिवस बसायचे तसे. पलंगाकडं बघायलाही तयार नव्हते. बसून बसून पाय सुजत चालले होते. झोपेत मान पडू नये म्हणून आई रात्रंदिवस शेजारच्या स्टुलावर.

मी अण्णाला चांगलं फैलावर घेतलं. मोटरवर लिहिलेला करंट ती फिरायला लागल्यानंतरचा. सपाट पडलेलं माणूस पहिल्यांदा उचलताना ती त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढते. तेवढं जमलं नाही की सप्लाय स्वतःला वाचवायला बंद पडतो, पलंगावर माणूस गुदमरला तरी. तांदळाची पोती रचून मी मीटर लावला. सुरुवातीला काटा सातच्या आसपास गेला, म्हणून दहा अँपिअरचा सप्लाय जोडला. पोती सरसर वर गेली.

"बघा आप्पा."

"पोत्याला श्वास लागत न्हाय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

मला राग आला आणि रडूही. मी चप्पल काढून पलंगावर चढायला निघाले, तर आईनं दंड धरला.

"तू न्हाय."

अण्णानं पोती उतरवली. आई पदर सावरत स्वतःच पलंगावर आडवी झाली, अगदी सपाट. आप्पा खुर्चीचे हात धरून तिच्याकडं बघत होते.

"दाब."

मी दाबलं. मोटर न अडखळता आईला वर घेऊन आली. खाली नेलं, परत वर आणलं. सप्लाय गरमसुद्धा झाला नव्हता.

"आता उतर," मी म्हटलं. ती हलली नाही. क्षणभर मीच घाबरले. वाकून बघितलं, तर गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं टाकून. मी तिच्या खांद्याला हात लावणार, तोच मागून आप्पांचा आवाज आला.

"उठवू नगंस तिला. मी बसतो अजून."