लग्न पुण्यातच! (आकृतीसह)

माझ्या ताईचं लग्न मोडता मोडता राहिलं. त्यात चूक कोणाचीच नव्हती, फक्त माझी होती.

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीने दोन दिवस प्रशिक्षण दिलं होतं. मोठं उद्दिष्ट वर लिहायचं, खाली त्याच्या फांद्या पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीत जबाबदार माणसाचं नाव घालायचं. (जेवण चांगलं होतं.) इकडे ताईने तिच्या ऑफिसातला नागपूरचा मुलगा पसंत केला होता आणि रविवारी त्याचे आईवडील लग्नाचं ठरवायला सदाशिव पेठेत आमच्या घरी येणार होते. मी ताबडतोब ड्रॉइंग पेपर आणला आणि हॉलच्या भिंतीवर आकृती चिकटवली. सगळ्यात वर: 'लग्न पुण्यातच!'

खाली फांद्या. 'चहा-खाणे: आई.' 'नागपूरच्या उन्हाळ्याचा विषय काढणे: मी.' 'मुलाच्या आईला फार बोलू न देणे: बाबा.'

"मला तुझी आई आवरत नाही," बाबा म्हणाले, "आणि तू विहीणबाई आवरायला देतोस?"

रविवारी पाहुणे आले, मुलगाही बरोबर होता. चहा झाला, मी उन्हाळा काढला. तेवढ्यात मुलाच्या आई चष्मा लावून थेट भिंतीशी गेल्या. आकृती तिथेच होती! मी हळूच आईकडे पाहिलं.

"ती काढून ठेवणं माझ्या चौकटीत नव्हतं," आई पुटपुटली.

बाबांनी तर दोन्ही हात वर केले.

काकूंनी एकेक चौकट मोठ्याने वाचली आणि बाबांच्या चौकटीशी थांबल्या. "हे काय आहे जी?"

मुलगा घामाघूम! ताईचा चेहरा पांढराफटक! धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

ताई मात्र उठली. (काय बाई आहे! मी असतो तर बाथरूममध्ये कडी लावून बसलो असतो.) तिने पेन घेतलं. 'मुलाच्या आईला' खोडून तिथे 'भावाला' लिहिलं, 'बाबा' खोडून 'सगळे' लिहिलं, आणि पेन काकूंच्या हातात दिलं.

"काकू, सगळ्यात वरची चौकट तुम्ही लिहा."

काकू इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. "पोरगी तर भलतीच हुशार आहे ना बाप्पा!" म्हणत त्यांनी 'पुण्यातच' खोडून 'नागपूरला' लिहिलं.

लग्न नागपूरला झालं, भर मे महिन्यात, आणि झकास झालं. त्या आकृतीतलं एकच उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झालं आहे. आजही ताईच्या सासरी मी तोंड उघडलं की सगळे एका सुरात विचारतात, "चहा घेता का?"