पूर्ण नाव घेतल्याशिवाय

आमच्या कॉलेजच्या रसायनांच्या स्टोअरमध्ये काकू बत्तीस वर्षं होत्या. स्वतः दहावी पास, पण समोरच्याने पूर्ण नाव घेतल्याशिवाय खिडकीतून बाटली बाहेर द्यायच्या नाहीत. लांबलचक इंग्रजी नावांचे त्यांनी लेबलांवरच पेन्सिलीच्या उभ्या रेघा मारून तुकडे पाडले होते. एकेका तुकड्याला टेबलावर एकदा बोट आपटायचं. पोरं मागून त्यांना तुकडेकाकू म्हणत.

पहिल्या वर्षी मी खिडकीशी जाऊन म्हणाले, "ते गुलाबी होणारं द्या ना."

"फि-नॉल्फ-थॅ-लिन. चार बोटं. म्हण."

"काकू, घाई आहे हो!"

"मग लवकर म्हण."

नाव चुकत गेलं आणि तीन वेळा रांगेच्या शेवटी गेले. डोक्यात तिडीक गेली होती. पुढे तिथेच नोकरीला लागले तेव्हा समजलं, त्या खिडकीतून चुकीची बाटली एकदाही गेलेली नव्हती.

निवृत्तीनंतर वर्षभरातच काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं. पण बोलणं परत यायचं तर पहिल्या काही महिन्यांतच रोज बोलायला लावा. काका मात्र त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपत होते. काकूंनी मान वळवली की पाणी, भुवई उचलली की चष्मा. तोंड उघडायची पाळीच येऊ देईनात. मला त्यांचा रागच आला. असल्या मायेने बाई जन्माची मुकी होणार होती.

मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी पाण्याच्या बाटलीकडे बोट केलं. काका उठायच्या आत मी ती उचलली.

"पूर्ण नाव घेतल्याशिवाय मिळणार नाही."

"अगं, तहान लागलीय तिला! चेष्टा कसली करतेस?" काका चिडले.

मी टेबलावर दोनदा बोट आपटलं. काकूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट उचललं.

"पा."

बराच वेळ गेला. ओठ नुसतेच हलत होते.

"णी."

मी बाटली दिली. त्यांनी ती न उघडताच मांडीवर ठेवली आणि टेबलावर पुन्हा बोट आपटलं. दोनदा.

"अ... हो."

अकरा आठवड्यांनी काकांना हाक आली होती. ते दोन पावलांवरच उभे होते, तरी दुसऱ्या खोलीत असल्यासारखे ओरडले, "आलो, आलो!"