आनंदीवहिनीची यादी

आनंदीवहिनीशी मी आयुष्यात एकदाच कडाडून भांडले, आणि चूक माझीच होती.

२००४ साल. वहिनीची धाकटी बहीण स्तनाच्या कॅन्सरने गेली. मुंबईच्या डॉक्टरांनी आधी तिचं आणि मग वहिनीचंही रक्त तपासलं होतं. म्हणाले, हा दोष तुमच्या वडिलांच्या घराण्यातून आलाय, तुमच्यातही आहे. वहिनी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची, रत्नागिरीत शाळेत शिक्षिका. डॉक्टरांनी सुचवलं, अंडाशय काढून टाका. तिथला कॅन्सर बहुतेक टळेल, स्तनाचाही धोका कमी होईल.

घरात कुणाला पटेना. माझी आई म्हणाली, "अगो, धडधाकट बाईच्या पोटाला सुरी कशास लावायची?" माझा भाऊ अण्णा नेहमीसारखा पेपर उघडून बसला. मी लग्नच केलं नाही, त्यामुळे या घरात सल्ले द्यायला कायम हजर. मी शहाणपणाचा कळस केला, "तुझ्या अवनीचं लग्न व्हायचंय. रक्तात दोष आहे असा बोभाटा झाला तर पोरीला कोण करून घेईल?"

वहिनी भांडण अर्धवट सोडून उठली आणि तिने माहेरचा कुलवृत्तांत काढला. जाडजूड ग्रंथ! कोणते पणजोबा कुठे खोत होते, सगळं तपशीलवार. मुलींपुढे मात्र एकच ओळ, अमक्यांकडे दिली. लग्नात नाव बदललं की बाई पुस्तकातून गडप. वहिनी मोठी चिवट. संगमेश्वर, केळशी, जिथे जिथे आत्या आणि आजेआत्या दिल्या होत्या तिथे तिने पत्रं टाकली. त्या कशाने गेल्या, कितव्या वर्षी?

उत्तरं महिनाभर येत होती. मे महिन्यात आम्ही अंगणात आंबापोळी वाळत घालत असताना तिने यादी आईला वाचून दाखवली. द्वारकाआत्या, छातीत गाठ, एकेचाळीस, गेली. गोदाआत्या, पोटात पाणी, सेहेचाळीस, गेली. शेवटी धाकटी बहीण. एकूण सात. प्रत्येकीच्या सासरचे लोक तिचंच नशीब फुटकं म्हणून गप्प बसले होते, घरातल्या पोरींची लग्नं अडू नयेत म्हणून. मला माझीच भयंकर लाज वाटली.

आईने पदराला हात पुसले. "अण्णा, मुंबईस कधी जायचं ते विचार डॉक्टरांना."

ऑपरेशन झालं. पाळी एकदम थांबली, अंगातून वाफा निघायच्या, झोप उडाली. "म्हातारपण रजिस्टर पोस्टाने आलंय," वहिनी म्हणायची. मग रडायचीसुद्धा.

यादी तिने अवनीच्या पत्रिकेच्या पाकिटात ठेवली. स्थळ आलं की दोन्ही दाखवायची. दोन स्थळं परत गेली. मी पुन्हा चिडले, पण या खेपेला त्या लोकांवर.

२००९ मध्ये पंचवीस वर्षांची अवनी स्वतःचं रक्त तपासायला मुंबईला निघाली. डॉक्टरांना दाखवायला तिला यादी हवी होती. देण्याआधी मी पेन घेतलं. सातही ओळींच्या शेवटी 'गेली' होतं. त्यांच्याखाली मी आठवी ओळ लिहिली : आनंदी, त्रेचाळिसाव्या वर्षी ऑपरेशन, आज अठ्ठेचाळीस, आहे.