नन्नाबाईंचा अंदाज

रुग्णालयाच्या तळघरात, सर्व्हरच्या खोलीत तिने बारा वर्षं काढली, आणि तेवढ्या काळात तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं. कुणी जास्त जागा मागायला आलं की ती आधी 'नाही' म्हणायची, म्हणून सगळे तिला नन्नाबाई म्हणत. तोंडावरसुद्धा.

तिचं काम बॅकअपचं. रविवारी सगळ्या विभागांच्या फायलींची पूर्ण प्रत घ्यायची आणि बाकीचे दिवस, आदल्या दिवसापासून जेवढं बदललं तेवढंच उचलायचं. हे 'तेवढंच' म्हणजे किती, ते आधी सांगण्यातच खरी मेख. सॉफ्टवेअरला विचारलं की ते नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनमध्ये डोकावून, काहीही न उचलता, नुसता आकडा सांगायचं. पण एका दिवसाच्या आकड्यावर ती विसंबत नसे. दोन आठवडे रोज विचारायची, वहीत मांडायची. सोमवारी ओपीडी फुगते, शनिवारी प्रयोगशाळा सुस्तावते, हे तिला पाठ होतं. तिचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मग एक्स-रे विभागात फोटो बघायचा नवा प्रोग्राम आला आणि रोजचा साठ जीबीचा आकडा एकदम चारशेवर गेला. तिला वाटलं, सॉफ्टवेअरचंच डोकं फिरलं. तीन दिवस फायलींच्या मागे लागल्यावर उलगडा झाला. डॉक्टरांनी जुना फोटो नुसता उघडला तरी तो कुणी, कधी पाहिला हे प्रोग्राम त्याच फायलीत लिहून ठेवत होता. बदलायची एक ओळ, पण बॅकअपला अख्खी फाईल उचलावी लागायची.

नेमक्या त्याच महिन्यात बॅकअपसाठी नवी साठवण घ्यायची होती, आणि विभागप्रमुख साहेब वरच्या बैठकीत 'रोज शंभर' असं बोलून बसले होते. तिचा चारशेच्या अंदाजाचा कागद त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

"अंदाजच आहे ना? मग जरा हात आखडून करा."

"अंदाज म्हणजे मनाला येईल तो आकडा नव्हे, साहेब."

साहेब चिडले नाहीत. दोन वर्षांपेक्षा जुने फोटो बॅकअपच्या यादीतून वगळा, म्हणाले. मूळ मशीनवर आहेतच की, कुठे पळून जातायत? मग जाता जाता सांगावं तसं सांगितलं, की उपप्रमुखाची जागा रिकामी होतेय आणि तिथे सारखं अडवणारं माणूस चालायचं नाही. वगळलेल्या फोटोंची एकच प्रत उरेल, हे तिने सांगितलं. पण तोंडीच.

घरी तिने थोरल्या बहिणीला सगळं सांगितलं. ताईने भाजी निवडता निवडता एवढंच विचारलं, "बारा वर्षं नाही म्हणून तुला काय मिळालं?"

दुसऱ्या दिवशी नन्नाबाईंनी जुन्या फोटोंचा फोल्डर वगळला. आकडा ब्याण्णववर आला. तिने नव्या कागदावर सही केली.

उपप्रमुखाची जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली.

अकरा महिन्यांनी, भर दुपारी, एक्स-रे विभागाच्या साठवणीतल्या तीन डिस्क एकापाठोपाठ एक गेल्या. दोन वर्षांतलं सगळं तिने संध्याकाळपर्यंत परत आणलं. त्याआधीच्या प्रती नवी साठवण आल्यावर पुसल्या गेल्या होत्या; आणायला काही नव्हतंच.

चौकशी बसली. तिने चारशेचा पहिला कागद पुढे केला. समितीतल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी तो नीट वाचला आणि विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं, तर दुसऱ्या कागदावर सही का केलीत?" साहेब टेबलाकडे बघत म्हणाले, तांत्रिक बाबतीत आपण सर्वस्वी बाईंवर विसंबून होतो.

तिची बदली जुन्या नोंदींच्या खिडकीवर झाली. दुसऱ्याच आठवड्यात एक गृहस्थ एक्स-रेची जुनी पावती घेऊन आले. बायकोच्या फुप्फुसावर डाग दिसला होता. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत तो असेल तर काळजी नाही, नसेल तर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले होते.

फोटो नाही, तिने सांगितलं.

"दुसरी प्रत असेल ना? एवढं मोठं रुग्णालय."

"नाही."

"कुणीच ठेवली नाही?"

"ठेवायचं काम माझं होतं," ती म्हणाली.

ते भांडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी पावतीची घडी घालून खिशात ठेवली आणि ऑपरेशनचे कागद कुठल्या खिडकीवर द्यायचे ते विचारलं. तिने बोटाने चार नंबरची खिडकी दाखवली.